जुन्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर: तपासायचा कसा, स्वस्तात बदलायचा कसा

डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला आणि कुणी स्कॅनर लावून "ऑक्सिजन सेन्सर गेलाय" असं सांगितलं, तरी पैसे लगेच मोजू नका. माझ्या २००८ सालच्या पेट्रोल गाडीबद्दल मी हे वाक्य दोनदा ऐकलं. पहिल्या वेळी सेन्सर ठणठणीत होता. २०१९ च्या पुरात गाडी कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरजवळ पाण्यात अडकली होती आणि सेन्सरच्या कपलरमधल्या, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगमधल्या, पिना हिरव्या पडल्या होत्या, एवढंच. एका गॅरेजने नवा सेन्सर आणि मजुरी धरून ६,५०० रुपये सांगितले होते. काम झालं ते कॉन्टॅक्ट क्लीनरच्या एका स्प्रेवर. दुसऱ्या वेळी, चार वर्षांनी, सेन्सर खरोखर गेला होता. तो मी घरासमोर उभं राहून एका सकाळी बदलला.

ज्यांनी गाडीला कधी पाना लावलेला नाही, पण जुनी गाडी नीट सांभाळायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं म्हणणं असं, की बचत करायची ती तपासणीत, हत्यारांत आणि मजुरीत. सेन्सर मात्र चांगलाच घ्यायचा. लोक नेमकं उलटं करतात: न तपासता बदलतात, आणि बदलताना सगळ्यात स्वस्त डुप्लिकेट लावतात.

हा सेन्सर करतो काय

पेट्रोल नीट जळायला १ भाग पेट्रोलमागे वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. हवा कमी पडली तर पेट्रोल अर्धवट जळून सायलेन्सरमधून जातं, जास्त झाली तर गाडी झटके खाते, पिकअप मरतो. इंजिनातून निघालेल्या धुरात किती ऑक्सिजन उरलाय हे बघून ईसीएमला, म्हणजे गाडीच्या संगणकाला, सतत कळवत राहणं हे या सेन्सरचं काम. त्यावरून ईसीएम पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. सेन्सर गप्प झाला की ईसीएम अंदाजाने पेट्रोल सोडतो, आणि तो अंदाज बहुतेक वेळा जास्तीच्या बाजूचा असतो. म्हणून ॲव्हरेज पडतं, प्लग काळे होतात, धुराला पेट्रोलचा वास येतो.

आत झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकची एक टोपी असते. तिच्या आतल्या अंगाला बाहेरची स्वच्छ हवा आणि बाहेरच्या अंगाला धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकामुळे थोडासा व्होल्टेज तयार होतो. धुरात ऑक्सिजन कमी असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, भरपूर असेल तर सुमारे ०.१. हे सगळं सिरॅमिक ३०० अंशांच्या वर तापल्यावरच चालतं, म्हणून आत एक छोटा हीटर बसवलेला असतो. बॉशने हा सेन्सर पहिल्यांदा १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांना दिला. तत्त्व तेव्हापासून तेच आहे, त्यामुळे खालची तपासणी बहुतेक जुन्या इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्यांना लागू पडते. कार्ब्युरेटरच्या गाडीला साधारणपणे हा सेन्सर नसतो. जुन्या डिझेल गाड्यांनाही बहुधा नसतो.

सेन्सर एक आहे की दोन, हे आधी बघून घ्या. एक मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या नळ्यांच्या जोडावर, किंवा त्याच्या लगेच खाली असतो. पेट्रोलचा हिशोब त्याच्या हातात. दुसरा असलाच तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याच्या, पुढे, सायलेन्सरच्या बाजूला असतो. कन्व्हर्टर नीट काम करतोय का, यावर तो नजर ठेवतो. जुन्या बऱ्याच गाड्यांना पहिलाच असतो. दोन असतील तर स्कॅनरने दाखवलेला बिघाडाचा कोड कोणत्या सेन्सरचा आहे हे पाहिल्याशिवाय पान्याला हात लावू नका. चांगला सेन्सर काढून बिघडलेला तसाच ठेवल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

कोड म्हणजे निकाल नव्हे

बाजारात ईएलएम ३२७ प्रकारची ब्लूटूथवाली छोटी डबी काही शे रुपयांत मिळते. ती स्टेअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये लावायची आणि फोनवरच्या ॲपमध्ये कोड वाचायचा. अडचण एकच: २०१० च्या आधीच्या कित्येक गाड्यांत सॉकेट दिसायला तसंच असतं, पण त्यांची भाषा कंपनीची स्वतःची असते आणि ही डबी जुळत नाही. आपली गाडी तशी निघाली तर डबी विकत घेण्यात अर्थ नाही. ओळखीच्या ऑटो वायरमनकडे मोठा स्कॅनर असतो, तो लावून कोड कागदावर लिहून घ्या. मी त्याचे २०० रुपये दिले होते. लिहून घेणं महत्त्वाचं, कारण "सेन्सरचा कोड आहे" एवढं ऐकून काहीच कळत नाही.

पहिल्या सेन्सरचे कोड पी ०१३० ते पी ०१३५ आणि दुसऱ्याचे पी ०१३६ ते पी ०१४१ असतात. पी ०१३५ आणि पी ०१४१ हे हीटरच्या सर्किटचे. पी ०१३१ म्हणजे व्होल्टेज सतत कमी, पी ०१३२ म्हणजे सतत जास्त, पी ०१३३ म्हणजे सेन्सर सुस्त, पी ०१३४ म्हणजे काहीच हालचाल नाही. पी ०१७१ आणि पी ०१७२ हे तर सेन्सरचे कोडच नाहीत. मिश्रणात अनुक्रमे हवा जास्त किंवा पेट्रोल जास्त आहे, असं ते सांगतात. सेन्सरने खरी बातमी दिली आणि आपण बातमी आणणाऱ्यालाच बदललं, असं तिथे होतं.

सर्किटचा कोड असेल तर त्या सर्किटमध्ये फ्यूज, रिले (विजेवर चालणारा स्विच), वायर, कपलर, अर्थची वायर आणि शेवटी सेन्सर, एवढं सगळं येतं. स्वस्तापासून सुरुवात करा. हीटरचा कोड असेल तर आधी फ्यूजच्या डबीचं झाकण उघडून संबंधित फ्यूज बघा. दहा रुपयांच्या फ्यूजसाठी हजारो रुपये गेलेले आहेत.

पुराचं पाणी, उंदीर आणि गॅसचं किट

आपल्याकडच्या गाड्यांत या तीन गोष्टी इतक्या वेळा निघतात, की मीटर काढायच्या आधी त्या बघाव्यात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या त्यात उभ्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच पुढे विकल्या गेल्या, आणि आज त्या ज्यांच्याकडे आहेत त्यांना हा इतिहास माहीतही नसेल. ऑक्सिजन सेन्सरचा कपलर सहसा खालच्या बाजूला असतो, म्हणून पाणी आणि गाळ तिथे आधी पोहोचतो. इंजिन थंड असताना, चावी काढून, कपलर सोडवा आणि दोन्ही बाजू उजेडात बघा. पिनांवर हिरवी-पांढरी बुरशीसारखी भुकटी दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, जुन्या मऊ टूथब्रशने हलकेच घासा, पुन्हा मारा, वाळू द्या. पिना सैल वाटल्या तर बारीक सुईने किंचित आवळून घ्या. कपलरमध्ये ग्रीस भरू नका. कित्येक सेन्सरांना लागणारी स्वच्छ हवा वायरच्या तारांमधूनच आत जाते; ग्रीसने किंवा तेलाने ती वाट बंद होते आणि रीडिंग चुकायला लागतं.

गाडी उसाच्या रानाजवळ किंवा धान्याच्या गोदामाजवळ उभी राहत असेल तर उंदीर धरूनच चाला. कपलरपासून वायर जिथपर्यंत दिसते तिथपर्यंत बोट फिरवत जा. कुरतडलेली जागा डोळ्यांना दिसायच्या आधी बोटाला लागते.

आणि एलपीजी किंवा सीएनजी. पेट्रोलच्या जुन्या गाडीला किट बसवताना काही किटवाले ऑक्सिजन सेन्सरच्या सिग्नलच्या वायरला एक फाटा जोडतात. तो जोड चांगला असेल तर काही बिघडत नाही. पण वायर सोलून, पीळ देऊन, वर नुसती काळी टेप गुंडाळलेली असेल, तर दोन-तीन पावसाळ्यांत ती टेप सुटते आणि तांबं काळं पडतं. किटच्या गाडीत सेन्सरचा कोड आला की मी सर्वांत आधी हा जोड शोधतो. सापडला तर तो कापून नीट क्रिंप करून (धातूच्या नळीत दाबून), वर हीट श्रिंकची, म्हणजे तापवल्यावर आवळणारी, नळी बसवून घ्या. वायरमन हे अर्ध्या तासात करून देतो. गाडी गॅसवर असताना येणारा कोड पेट्रोलवर येत नसेल, तर दोष सेन्सरचा नसून किटच्या ट्यूनिंगचा असण्याची शक्यता जास्त. म्हणून पुढची तपासणी पेट्रोलवर करा.

अजून एक गोष्ट पाच मिनिटांत कळते. सकाळी थंड इंजिन चालू करा आणि मॅनिफोल्डपाशी कान द्या. फट-फट असा आवाज येत असेल किंवा गॅस्केटच्या, म्हणजे जोडातल्या सीलच्या, कडेला काजळीचा काळा पट्टा दिसत असेल, तर तिथून धूर बाहेर येतोय आणि मधून मधून बाहेरची हवा आत ओढली जातेय. त्या हवेतला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो आणि तो "हवा जास्त" असं कळवतो. असल्या गाडीला दहा सेन्सर बदलले तरी कोड परत येणार. गॅस्केट आधी.

मल्टिमीटर लावायचा कसा

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. काट्याचा जुना मीटर किंवा बल्बचा टेस्टर सिग्नलच्या वायरला लावू नका. ते जास्त करंट ओढतात आणि सेन्सरचा नाजूक सिग्नल बिघडवतात.

आधी हीटर. इंजिन थंड, कपलर सोडवलेला. चार वायरींच्या सेन्सरमध्ये एकाच रंगाच्या दोन वायरी असतात, त्या हीटरच्या. मीटर ओहमवर ठेवून सेन्सरच्या बाजूने त्या दोन पिना मोजा. चांगल्या हीटरचं रीडिंग बहुधा काही ओहम, फार तर वीसेक ओहमच्या आत येतं; नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. मीटरवर काहीच आलं नाही, म्हणजे सर्किट तुटलेलं दाखवलं, तर हीटर जळलाय आणि सेन्सर बदलावाच लागणार. हीटर चांगला निघाला तर इंजिन चालू करून गाडीच्या बाजूच्या कपलरमध्ये एका पिनेवर बॅटरीएवढा व्होल्टेज येतोय का, ते बघा. येत नसेल तर फ्यूज-रिलेकडे वळा.

आता सिग्नल. कपलर परत जोडा. गाडी उघड्यावर घ्या. बंद गॅरेजमध्ये किंवा पार्किंगच्या तळघरात इंजिन चालू ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. रेडिएटरचा पंखा एकदा फिरेपर्यंत इंजिन तापू द्या. मग कपलर न सोडवता, सिग्नलची वायर जिथे रबराच्या सीलमधून आत जाते तिथे एक बारीक टाचणी मागून सरकवा. वायरचं आवरण भोसकू नका, त्या भोकातून पुढे पाणी शिरतं. मीटर डीसी २ व्होल्टवर, लाल प्रोब टाचणीला, काळा बॅटरीच्या निगेटिव्हला. कुणाला तरी ॲक्सिलरेटरवर बसवा आणि आरपीएम २,००० ते २,५०० धरायला सांगा.

जिवंत सेन्सरचा आकडा ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सारखा खालीवर उड्या मारतो, दहा सेकंदांत सात-आठ वेळा तरी. स्वस्त मीटर हळू असतो, त्यामुळे टोकाचे आकडे दरवेळी दिसतीलच असं नाही. हालचाल दिसतेय का, एवढंच बघा. मग ॲक्सिलरेटर एकदम दाबून सोडायला सांगा: दाबताना आकडा ०.८ च्या वर गेला पाहिजे, सोडल्यावर ०.१ किंवा त्याखाली आला पाहिजे. ही चाचणी मला सगळ्यात भरवशाची वाटते. आकडा ०.४५ च्या आसपास चिकटून बसला असेल तर बहुधा सेन्सर मेलाय किंवा वायर तुटलीय. हालतो पण आळसावल्यासारखा, सेकंदच्या सेकंद लावतो, तर सेन्सर म्हातारा झालाय. सतत ०.८ च्या वर राहत असेल पण ॲक्सिलरेटर सोडल्यावर खाली येत असेल, तर सेन्सर खरं बोलतोय. गळका इंजेक्टर किंवा तुंबलेला एअर फिल्टर शोधा.

पाच वायरींचा सेन्सर असेल तर तो वेगळ्या जातीचा, वाइडबँड. चार वायरींतही काही गाड्यांना वेगळ्या जातीचे असतात. त्यांना ही व्होल्टची चाचणी लागू नाही, ते स्कॅनरवरच बघावे लागतात.

कोणता घ्यायचा

सेन्सर खरोखर गेलाय याची खात्री झाली की पार्ट घ्यायला जाताना जुन्या सेन्सरचा फोटो न्या: अंगावर कोरलेला नंबर, कपलरचा आकार आणि वायरीची लांबी दिसेल असा. जमलं तर गाडीचा चासी नंबरही. बॉश, डेन्सो आणि एनटीके हे या कामातले जुने, भरवशाचे उत्पादक. गाडीच्या कंपनीच्या डबीत येणारा सेन्सर बहुतेक वेळा अशाच कुणाकडून बनवून घेतलेला असतो, आणि तोच उत्पादकाच्या स्वतःच्या डबीत घेतला तर बऱ्याचदा स्वस्त पडतो. मला माझा असाच १,९०० रुपयांना मिळाला. बिल घ्या. डबीवरची छपाई, सेन्सरवरचा नंबर आणि टोकावरचं संरक्षक टोपण तपासा. चारशे-पाचशे रुपयांत नामवंत कंपनीचा नवा सेन्सर कुणी देत असेल तर तो घेऊ नका.

भंगारातल्या गाडीचा सेन्सरही घेऊ नका, तो किती तेल आणि किती कूलंट पिऊन बसलाय हे बाहेरून कळत नाही. भंगारातून कपलर मात्र जरूर घ्या, मागे वीतभर वायर ठेवून. तुटलेल्या कपलरसाठी अख्खी वायरिंग बदलायची गरज नसते.

खर्च आणखी कमी करायचा असेल तर युनिव्हर्सल सेन्सर हा मार्ग आहे. त्याला कपलर नसतो, जुन्याचा कापून लावायचा. इथे नवखा माणूस हमखास फसतो तो रंगांमुळे. बॉशच्या चार वायरींच्या सेन्सरमध्ये साधारणपणे दोन पांढऱ्या वायरी हीटरच्या, काळी सिग्नलची आणि करडी अर्थची. डेन्सोमध्ये दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची आणि पांढरी अर्थची. म्हणजे एकाची काळी ती सिग्नल आणि दुसऱ्याची काळी ती हीटर! रंगाला रंग जोडला तर हीटरचे बारा व्होल्ट ईसीएमच्या सिग्नलच्या पायात जातील. काम बघून जोडा, रंग बघून नको, आणि डबीतला तक्ता फेकू नका. जोड क्रिंपचे करा, सोल्डर नको, कारण तारांमधून जाणारी हवेची वाट सोल्डरने बंद होते. चारही जोड एकाच रेषेत न घेता थोडे मागेपुढे घ्या. वायरिंगचा सराव नसेल तर थोडे पैसे जास्त घालून कपलरसकट येणारा सेन्सरच घ्या. पहिल्या वेळेला माझा सल्ला तोच.

हत्यारं: उद्यमनगरची एक फेरी

या सेन्सरची षटकोनी मान बहुतेक गाड्यांत २२ मिलिमीटरची असते आणि आटे १८ मिलिमीटरचे, दीडच्या पिचचे (म्हणजे दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर). वायर मधून जावी म्हणून बाजूला खाच असलेला खास सॉकेट मिळतो. तो मी विकत घेणार होतो. शिवाजी उद्यमनगरात ज्यांच्याकडे मी लहानसहान लेथचं काम करून घेतो, त्या मामांना विचारलं तर म्हणाले, "कशाला नवा घेतोयस? जुना २२ चा लांब सॉकेट घेऊन ये, खाच पाडून देतो की." ग्राइंडरला पातळ कटिंग व्हील लावून त्यांनी दहा मिनिटांत ती पाडून दिली. ज्या गल्ल्यांमधून ऑइल इंजिनं आणि त्यांचे पार्ट घडून बाहेर गेले, तिथे असली मदत अजून मिळते. कोल्हापुरात राहून ती न घेणं म्हणजे घरची विहीर सोडून टँकर मागवणं.

याहूनही स्वस्त मार्ग आहे. जुना सेन्सर टाकायचाच असेल, नवा हातात असेल आणि दोघांचे कपलर, आटे, लांबी जुळवून झाली असेल, तर जुन्याची वायर कापून टाका आणि साधा २२ चा रिंग पाना वरून घाला. सहा बाजूंनी पकड मिळते, मान गोल होत नाही. नवा सेन्सर युनिव्हर्सल असेल तर कपलरकडे पुरेशी वायर राखून कापा. उघड्या तोंडाचा फिक्स पाना मात्र वापरू नका, तो घसरतो आणि मान खातो.

याशिवाय गंज सोडवणारा स्प्रे, जाड हातमोजे, तारेचा ब्रश आणि डोळ्यांना चष्मा. सेन्सर खालून काढायचा असेल तर जॅक आणि दोन मजबूत स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, अगदी मिनिटभरासाठीही जाऊ नये. स्टँड नसतील तर ओळखीच्या सर्व्हिसिंगवाल्याकडे तासभर रॅम्प मागा.

काढणं आणि बसवणं

आदल्या रात्री, इंजिन पूर्ण थंड असताना, सेन्सरच्या बुडाशी स्प्रे मारून ठेवा. तापलेल्या मॅनिफोल्डवर तो मारू नका, पेट घेऊ शकतो. सकाळी पुन्हा एकदा मारा आणि थोड्या वेळाने इंजिन तीन-चार मिनिटंच चालवून बंद करा. लोखंड कोमट झालं की आटे थोडे सैल होतात. पूर्ण गरम असताना काढायला गेलात तर हात भाजेल. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. कपलर सोडवा, वायर क्लिपमधून मोकळी करा आणि ती कुठून कुठे जाते याचा फोटो काढून ठेवा.

पाना घट्ट बसवून डावीकडे एकच ठाम जोर द्या. पान्याला हिसके देण्यापेक्षा त्यावर पाइपचा तुकडा सरकवून सावकाश दाबलेलं चांगलं. जरा सुटला आणि पुन्हा अडकला तर जबरदस्ती करू नका. अर्धा फेरा परत आवळा, लोखंड थंड झालं की स्प्रे मारा, थांबा, पुन्हा सोडवा. असं मागेपुढे करत आणायचं. इथली दहा मिनिटांची घाई मॅनिफोल्डचे आटे खाऊन जाते. आटे गेलेच तर घाबरू नका, १८ बाय दीडचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवून ते बहुधा साफ होतात आणि हे कामही उद्यमनगरात होतं. टॅप ग्रीस लावून फिरवा, म्हणजे कीस आत पडण्याऐवजी ग्रीसला चिकटतो.

निघालेल्या सेन्सरचं टोक नीट बघा. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जळत होतं. तेलकट काळा किंवा तपकिरी थर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. पांढरी, चुन्यासारखी भुकटी सहसा कूलंटची किंवा सिलिकॉन सीलंटची. हे मूळ दुखणं राहिलं तर नवा सेन्सरही त्याच वाटेने जाणार. मॅनिफोल्ड किंवा ऑइल पॅनला मागे कुणी सिलिकॉन लावलं असेल, तर पुढच्या वेळी सेन्सरला चालणारं सीलंट मागून घ्या, डबीवर तसं लिहिलेलं असतं.

नवा सेन्सर पडू देऊ नका, आतलं सिरॅमिक काचेसारखं फुटतं. टोकाला बोट लावू नका. आट्यांवर कंपनीनेच राखाडी पेस्ट लावलेली असेल तर दुसरं काही लावायचं नाही. नसेल तर जास्त तापमानाची अँटी-सीझ पेस्ट (आटे जाम होऊ न देणारी) फक्त आट्यांवर, अगदी पातळ. आधी हाताने फिरवा. पहिले तीन-चार फेरे बोटांनीच सहज बसले पाहिजेत, नाहीतर आटे वाकडे धरले गेलेत. पूर्ण टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा ते पाऊण फेरा, म्हणजे नवं वायसर दबून बसतं. टॉर्क पाना मिळाला तर ४० न्यूटन-मीटरच्या आसपास, किंवा डबीवर दिला असेल तो आकडा. सेन्सर आवळून झाल्यावरच कपलर जोडा, नाहीतर वायरला पीळ पडतो. वायर जुन्याच क्लिपमध्ये, जुन्याच वाटेने. सायलेन्सरला टेकलेली वायर महिनाभरात वितळते.

बदलल्यावर

बॅटरी जोडा, स्कॅनरने कोड पुसा. ईसीएमला काही अंतर नव्याने शिकावं लागतं, म्हणून पहिल्या दिवशी आयडलिंग थोडं वरखाली झालं तर घाबरू नका. मी तावडे हॉटेलपासून हायवेने कागलपर्यंत एकसारख्या वेगाने गेलो आणि परत आलो, मग दुसऱ्या दिवशी वाघबिळातून पन्हाळ्याचा चढ घेतला. सपाटीवर आणि चढावर दोन्हीकडे दिवा लागला नाही तेव्हा मला समाधान वाटलं. ॲव्हरेज एका टाकीवरून ठरवू नका. टाकी काठोकाठ भरा, दोन-तीन वेळा त्याच पंपावर भरून किलोमीटर मोजा.

मग पीयूसी काढून आणा आणि आधीचा कागद शेजारी धरून बघा. बीएस २ आणि बीएस ३ च्या पेट्रोल चारचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ७५० पीपीएम आहे, बीएस ४ ला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. माझ्या गाडीचा कार्बन मोनॉक्साइडचा आकडा सेन्सर बदलण्याआधी मर्यादेला टेकला होता, नंतर तो निम्म्याहून खाली आला. आकडा उतरलाच नाही तर बहुधा कन्व्हर्टर थकलाय, कारण जास्तीचं पेट्रोल महिनोन्महिने त्याच्यात जाऊन जळत राहिलं की तो आतून वितळतो. त्याची किंमत सेन्सरच्या कितीतरी पट असते, म्हणून पिवळ्या दिव्यासह वर्षभर गाडी दामटू नका. दुसऱ्या सेन्सरला रेझिस्टर लावून किंवा नळीचा तुकडा घालून दिवा विझवून देणारे लोक भेटतील. त्याने दिवा जातो, धूर तसाच राहतो, आणि तो आपल्याच गल्लीतली पोरं श्वासातून घेतात. तसलं काम करून घेऊ नका.

आठवड्याने इंजिन थंड असताना एकदा बोनेट उघडा. सेन्सरच्या बुडाशी नवी काजळी दिसतेय का, वायर क्लिपमध्ये आहे का, कपलरची कडी बसलेली आहे का, एवढं बघा. काजळी असेल तर पाना लावून किंचित आवळा.